टीपकागद

कप बद्द वाजतोय असं बायको म्हणाली, आणि तो हो म्हणाला.

झालं होतं ते एवढंच. हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावरची खोली, सकाळचे साडेनऊ, समोरच्या इमारतीच्या विटांवर आलेलं ऊन, टेबलावर हॉटेलने ठेवलेली चहाची किटली आणि दोन पांढरे कप. सवयीने त्याने चमचा उलटा धरून त्यातल्या एका कपाच्या कडेवर हलकाच टोला दिला. जाईल तिथे तो हे करायचा. पाहुण्यांच्या घरी, बँकेच्या साहेबापुढे, एकदा तर सासऱ्यांना दवाखान्यात भेटायला गेला तेव्हा त्यांच्या औषधाच्या वाटीवरसुद्धा. लग्नाच्या पहिल्या वर्षी बायको लाजायची, दुसऱ्या वर्षी चिडायची, आणि पुढे तिने तो नाद सोडूनच दिला होता. आज मात्र तिने मान वर केली. "अहो, बद्द वाजतोय ना हा?" म्हणाली. ती अगदी समोर बसली होती, तोंडावर उजेड होता, त्यामुळे शब्द न् शब्द कळला. त्याने जाणकाराच्या आठ्या कपाळावर आणून पुन्हा एक टोला दिला, कान थोडा कलता केला आणि म्हणाला, "हो. बद्दच आहे. दांडीच्या मुळाशी केसाएवढा तडा असणार. यात चहा घेऊ नकोस." "तुम्ही म्हणता म्हणजे असणारच," ती म्हणाली आणि तिने दुसरा कप पुढे ओढला.

आरशासमोर दाढी करताना त्याचा हात गालावर थांबला. त्याला काय ऐकू आलं होतं? टक. नुसतं टक, लाकडावर लाकूड पडावं तसं. गेले सहा महिने जगातला प्रत्येक कप टक एवढंच म्हणत होता, धड असो की फुटका. मग दांडीच्या मुळाशी तडा आहे हे त्याने कशावरून सांगितलं? ती म्हणाली म्हणून. तिने विचारलं आणि हो म्हणणं सोपं होतं म्हणून. आणि वर दांडीचं मूळ, केसाएवढा, हे नक्षीकाम कुणी सांगितलं होतं करायला? खोटं बोलणाऱ्याला थोडक्यात भागवता येत नाही हेच खरं. त्याने फेस पुसला. बायकोला बद्द ऐकू आला म्हणजे कप बद्दच असणार, तिचे कान चांगले आहेत, असं त्याने स्वतःला दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा समजवायची वेळ आली तेव्हा त्याने नळ सोडला.

चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात तो सव्वीस वर्षं तपासनीस होता. भट्टीतून निघून निवलेली भांडी लांब फळ्यांवरून त्याच्यापुढे यायची. डाव्या हाताच्या तीन बोटांवर भांडं तोलायचं, उजव्या हातातल्या काठीने, जिच्या टोकाला बोराएवढी लाकडी गोळी होती, कडेला टोला द्यायचा आणि ऐकायचं. धड भांड्याचा नाद लांबत जातो, पार हवेत विरेपर्यंत. आत कुठे तडा असला तर नाद जन्मतानाच मरतो. डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही असा तडा कानाला सापडतो, आणि त्याच्या कानाला तर कळपातली आपली शेळी सापडावी तसा सापडायचा. कारखान्यात त्याला कानसेन म्हणत. तपासलेल्या प्रत्येक भांड्याच्या बुडाशी तो सात नंबरचा शिक्का मारायचा, आणि सात नंबरचं भांडं परत आलं असं कधी झालं नव्हतं. इतर तपासनिसांना शंका आली की ते शाईची परीक्षा करत: भांड्यात शाईचं पाणी भरायचं, खाली गुलाबी टीपकागद घालायचा, आणि पाळीभर तसंच ठेवायचं. कागदावर डाग उमटला तर तडा आहे, कोरडा राहिला तर भांडं धड. याला सव्वीस वर्षांत एकदाही टीपकागद लागला नव्हता. साहेबांनी देऊ केलेली टीपकागदांची गड्डी त्याने घरी नेऊन बायकोला दिली होती, ती त्यावर कपाटातल्या बाटल्या ठेवायची. "ज्याला ऐकू येत नाही त्याने शाई सांडावी," असं तो म्हणायचा, आणि भट्टीवाले हसायचे.

बारीक आवाज आधी गेले. गजराचं घड्याळ वाजेनासं झालं म्हणून त्याने ते दुरुस्तीला नेलं, तर दुकानदार म्हणाला, घड्याळाला काहीएक झालेलं नाही. मग दारावरची घंटा गेली, मग खिडकीतल्या चिमण्या, मग भांड्यांचा नाद. जाड आवाज राहिले. ट्रक राहिले, भट्टीची घरघर राहिली, साहेबांचा घसा राहिला. बायकोचा आवाज मात्र मधल्यामध्ये तुटायला लागला, वाक्यातले निम्मे शब्द गळून पडल्यासारखे जायचे आणि उरलेल्या निम्म्यावरून अंदाज बांधावा लागायचा. अंदाज चुकला तरी हो म्हटलं की खपून जातं, हे त्याला फार लवकर कळलं. लांबच्या वस्तीतल्या कानाच्या एका डॉक्टरकडे तो कुणाला न सांगता जाऊन आला. डॉक्टर म्हणाले, यंत्र लावा, बोलणं ऐकू येईल. कपाचा नाद ऐकू येईल का, असं त्याने विचारलं, तर ते कागदावर काहीतरी लिहीत राहिले. तेव्हापासून तो बोटांनी ऐकू लागला. टोला दिला की तीन बोटांना जी थरथर कळते तिच्यावर त्याने भिस्त ठेवली. बोटं प्रामाणिक होती, पण कानाइतकी हुशार नव्हती, आणि हे त्याला माहीत होतं. रोज संध्याकाळी शिक्का पुसून डबीत ठेवताना माहीत होतं. साहेबांना सांगितलं तर काठी काढून घेतील, पत्र्याच्या शेडमध्ये पेंढा भरायला बसवतील, आणि कानसेन या नावाला लोक वेगळ्या तऱ्हेने हसतील. झाकली मूठ सव्वा लाखाची. अजून दोन वर्षंच तर काढायची होती.

आणि मग एक किटली परत आली. किटली कसली, तिचे तुकडे. एका खोक्यात, कापसात गुंडाळलेले, बुडाचा तुकडा सगळ्यात वर. सात नंबर. कुठल्याशा गावात एका शिक्षिकाबाईंनी त्यात उकळतं पाणी ओतलं, किटलीचं बूड निखळलं आणि सगळं पाणी त्यांच्या मांडीवर आलं. त्या सहा आठवडे अंथरुणावर होत्या. साहेबांनी त्याला बोलावलं, खुर्ची दिली, आणि त्याने तोंड उघडायच्या आत स्वतःच निकाल लावून टाकला. "तुमच्या हातून गेलेली किटली फुटकी असणं शक्य नाही. पॅकिंगमध्ये आपटली. खोकं त्या सुतळीच्या टेबलावरचं आहे." सुतळी म्हणजे पॅकिंगमधली बाई. गळ्यात सदानकदा सुतळीचं भेंडोळं अडकवलेलं, म्हणून तिचं नावच सुतळी पडलं होतं. ती डाव्या हाताने गाठ मारायची आणि तिची गाठ फक्त कात्रीने सुटायची. "सोमवारी एका कागदावर सही करा," साहेब म्हणाले, "की तपासली तेव्हा किटली धड होती. मग तिचं काय ते आम्ही बघतो." साहेबांचा आवाज जाड होता, तेव्हा ऐकू आलं नाही म्हणायची सोयही नव्हती. तो हो म्हणाला होता. घरी येऊन ही हकीकत त्याने बायकोला सांगितली, आपण त्या गावचेच नाही अशा थाटात, आणि ती म्हणाली, "सुतळीने आपटली? तिच्या हातून तर अंडंसुद्धा फुटायचं नाही." त्यावर तो काय म्हणाला ते आता त्याला आठवत नव्हतं. बहुतेक हो म्हणाला असेल.

सोमवारच्या आधीचे हे दोन दिवस शहरात काढायचे हे मात्र बायकोनेच ठरवलं होतं, आणि नाटकही पाहायचंच, गाण्यांचं नाटक, ज्यात माणसं बोलता बोलता गायला लागतात. दोघांमध्ये एक जुना करार होता. बाहेरगावी गेलं की काय पाहायचं ते एकाने ठरवायचं, दुसऱ्याने कुरकुर करायची नाही, आणि पुढच्या वेळी पाळी बदलायची. मागच्या वेळी तिची पाळी होती आणि तिने त्याला चार तास पुतळे दाखवले होते. या वेळी त्याची. पण पाळी त्याची असली तरी तिच्या पर्समध्ये वर्तमानपत्राचं एक कात्रण होतं, घडीवर घडी घालून कापडासारखं मऊ झालेलं. 'शिडीवरची खोली' नावाच्या नाटकाचं. दोन बहिणी, एक पियानो, एक खोली, बाकी काही नाही. ती ते कात्रण काढायची नाही, पण रुमाल काढताना ते बाहेर यायचं, नाणी काढताना बाहेर यायचं, आणि प्रत्येक वेळी ती ते पुन्हा आत ठेवायची. लग्नाआधी ती आणि तिची थोरली बहीण एकाच खोलीत राहायच्या आणि दिवे मालवल्यावर हळू आवाजात गात बसायच्या, आई ओरडेल म्हणून अगदी हळू. बहीण जाऊन आता तीन वर्षं झाली. हे सगळं त्याला माहीत होतं, आणि माहीत असूनही काल रात्री गादीवर पडल्या पडल्या त्याने मनाशी पक्कं केलं होतं की काहीही झालं तरी ते नाटक नाही. दोन बायका आणि एक पियानो, त्याही हळू गाणाऱ्या! त्या अंधाऱ्या शांततेत तो दोन तास बसणार तरी कसा? बायको कोपर मारून म्हणेल, ऐकलंत? आणि तो म्हणेल हो, आणि नेमकं तेव्हाच कुणी काही म्हटलेलं नसेल.

"तुम्ही व्हा पुढे, आलेच मी," खोलीतून निघताना बायको म्हणाली, म्हणजे तिच्या हातवाऱ्यावरून तसंच काहीतरी असावं, आणि तो जिना उतरून खाली येऊन थांबला. ती यायला चांगली पाच मिनिटं लागली. चौकात सगळ्या नाट्यगृहांची त्या त्या दिवसाची तिकिटं विकणारं एक गोल तिकीटघर होतं, त्याच्या डोक्यावर पाट्या आणि भोवती रांग. रांगेत त्याने तिला उजवीकडे घेतलं, कारण उजवा कान त्यातल्या त्यात बरा होता. ती बोलत होती आणि तो पाट्या वाचत होता. 'शिडीवरची खोली', दुपारी तीन. 'भाडेकरू नंबर नऊ', दुपारी तीन, विनोदी, हसून हसून पोट दुखेल. 'गोदी', दुपारी तीन, चाळीस कलाकार, अकरा ढोल. विनोदी नाटकाचा त्याने नीट विचार केला. विनोद म्हणजे तर आगीतून फुफाट्यात. लोक हसल्यावर हसायचं तर क्षणभर उशीर होतो, आणि त्याच्या बायकोला क्षणभराचा उशीर दिसतो. हातावर घड्याळ न बांधता ती पोळी कधी फिरवायची ते ओळखते. आधी हसावं तर त्याहून वाईट. राहता राहिली 'गोदी'. अकरा ढोल! एवढा मोठा आवाज की त्यात बायकोला स्वतःलाच काही ऐकू येणार नाही, आणि मग दोघंही सारखेच. हा विचार सुचला तेव्हा त्याला हुशारी वाटली, आणि लगेच त्या हुशारीची शरम वाटली, आणि रांग दोन माणसं पुढे सरकली.

बायकोने काहीतरी विचारलं. तो हो म्हणाला. तिने भुवया वर केल्या. काय विचारलं असेल? 'पाणी हवंय का' विचारलं असेल तर हो चाललं, 'थकलात का' विचारलं असेल तरी चाललं. 'तुम्हाला कुठलं आवडेल' असं विचारलं असेल तर मात्र हो चालत नाही. तिने पर्समधून रुमाल काढला, कात्रण बाहेर आलं, तिने ते आत ठेवलं. तिला एक शब्दही बोलायचा नव्हता, कराराने तिचं तोंड बंद होतं, पण त्या कात्रणाला करार कोण सांगणार? आता सांगून टाकावं, त्याला वाटलं. इथेच, रांगेत, या अनोळखी माणसांमध्ये, अगं, मला ऐकू येत नाही, कपही आला नाही, किटलीही आली नाही. आणि किटली तोंडातून निघाली की सुतळी निघणार, सुतळी निघाली की शिक्षिकाबाईंची मांडी निघणार. एक टाका उसवला की सगळीच शिवण जाते. म्हणून पहिला टाका धरून ठेवणं भाग होतं, आणि पहिला टाका म्हणजे आज दुपारी तीनचं नाटक. एवढ्या मोठ्या गोष्टीला एवढी क्षुल्लक खुंटी पुरते याचं त्याला त्याही अवस्थेत नवल वाटलं. रांगेत पुढे एकच माणूस उरला. बायको त्याच्याकडे पाहत नव्हती, ती वर 'शिडीवरची खोली'च्या पाटीकडे पाहत होती, आणि तिचा चेहरा बसस्टॉपवर उभ्या असलेल्या माणसासारखा होता, ज्याला बस येणार की नाही ते माहीत नाही.

खिडकी क्रमांक दोन. काचेआड एक तरुण बाई, काचेला बोलण्यासाठी ठेवलेली मुठीएवढी जाळी, आणि त्या जाळीतून बारीक आवाज, म्हणजे काहीच नाही. "गोदी," तो म्हणाला. "दोन." बाईचे ओठ हलले. त्याने ओठांकडे पाहिलं, पण काचेवर मागच्या रस्त्याचं प्रतिबिंब होतं, तिच्या तोंडावरून एक टॅक्सी गेली. "हो," तो म्हणाला. बाईने पुन्हा काही विचारलं, या वेळी बोट वर करून, खात्री करून घेतल्यासारखं. "हो, हो, चालेल," तो जरा तोऱ्यातच म्हणाला. तिकिटं हातात आली. वळून पाहिलं तर बायको त्याच्याकडे रोखून पाहत होती.

"चालेल?" ती म्हणाली. ती समोर होती, उन्हात, त्यामुळे कळलं.

"का? काय झालं?"

"खांबाआडची जागा आहे म्हणाली ती. एका खुर्चीवरून अर्धाच रंगमंच दिसतो. दोनदा विचारलं तिने."

"ते... स्वस्त पडतं," तो म्हणाला. उभ्या आयुष्यात त्याने नाटकाचं तिकीट स्वस्त आहे म्हणून घेतलं नव्हतं.

"बरं," बायको म्हणाली. "पाळी तुमची." आणि दुपारपर्यंत ती जेवली, दुकानांच्या काचा पाहिल्या, त्याच्यासाठी एक मफलर घेतला, पण 'गोदी'बद्दल अवाक्षर काढलं नाही. कात्रणही पुन्हा बाहेर आलं नाही. रुमाल आता तिने बाहीत खोचला होता.

खांबामागच्या खुर्चीवर ती आपण होऊन बसली. "तुम्ही बसा इकडे, निवडलंय तुम्ही," असं तिने खुणेने सांगितलं. खांब चांगला दोन हात रुंद होता. तिला रंगमंचाची डावी बाजू आणि पडद्याची एक किनार दिसत असणार, आणि खांब सोडून मान उजवीकडे वळवली की तो. दिवे मंदावले. मग अकरा ढोल एकदम वाजले आणि त्याला ऐकू आलं! नुसतं कानाने नाही, बुटांच्या तळव्यांतून, खुर्चीच्या दांड्यांतून, छातीच्या फासळ्यांतून. चाळीस माणसं लोखंडी आकड्यांनी खोकी ओढत होती, फळ्यांवर टाचा आपटत होती, एकमेकांना जाड आवाजात हाका मारत होती, आणि त्या हाकांमधले शब्दसुद्धा त्याला कळत होते. सहा महिन्यांत पहिल्यांदा तो न घाबरता कुठेतरी बसला होता. खोकी! त्याने मनात म्हटलं, यांची खोकी कोण बांधतं? आणि रंगमंचावरच्या पोराने एक खोकं फेकलं, दुसऱ्याने झेललं, सगळे हसले, आणि तोही हसला, अगदी वेळेवर. पण सुतळी मनात आली ती आलीच. ती असं खोकं कधी फेकायची नाही. बांधून झाल्यावर ती खोक्यावर दोनदा थोपटायची, अंथरुणात लेकराला थोपटतात तसं, आणि मग ढकलायची. हे त्याने सव्वीस वर्षं पाहिलं होतं. सोमवारी कागदावर सही करतानाही हे त्याला ठाऊक असणार होतं.

मध्यंतरानंतर ते झालं. गोदीत कसलासा अपघात झाला, एक खोकं वरून पडलं, ढोल थांबले. चाळीस माणसं कडेला सरकली आणि मधोमध एक म्हातारी येऊन उभी राहिली, डोक्याला रुमाल, हात मोकळे. मेलेल्याची आई असावी. तिने तोंड उघडलं. त्याने वाट पाहिली. म्हातारीच्या गळ्याची शीर ताठ झाली, छाती भरली आणि ओसरली, तोंड उघडलेलंच राहिलं, आणि काहीही आलं नाही. ढोल नाही, टाच नाही, एक टक नाही. त्याने मागे न वळता मागच्या लोकांचा अंदाज घेतला. कुणी हलत नव्हतं. पुढच्या रांगेतल्या एका जाड्या गृहस्थाने चष्मा काढला होता. म्हणजे ती गात होती. नऊशे माणसं श्वास धरून ऐकत होती आणि त्यांच्यामध्ये तो एकटा काचेआड बसल्यासारखा होता, आता मात्र जाळीसुद्धा नव्हती. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. ज्या शांततेला भिऊन तो अकरा ढोलांच्या आड येऊन बसला होता ती इथेच त्याची वाट पाहत उभी होती, डोक्याला रुमाल बांधून. त्याने खुर्चीच्या दांडीवर तीन बोटं टेकवली. लाकूड मुकं होतं. गाणं कधी संपेल ते कळायला हवं, टाळ्या वेळेवर वाजायला हव्यात, तो मनात मोजू लागला, म्हातारीच्या छातीकडे पाहत राहिला. तिने तोंड मिटलं. आता? पण मग तिने ते पुन्हा उघडलं, आणि तोवर त्याचे दोन्ही हात छातीपर्यंत येऊन एकमेकांना लागले होते. एकदाच. किती मोठ्याने, ते त्याला कळायला मार्ग नव्हता. जाड्या गृहस्थाने वळून पाहिलं. त्याने हात मांड्यांखाली घातले, अगदी शाळेतल्या पोरासारखे, आणि मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. बायको रंगमंचाकडे पाहत नव्हती. तिच्यापुढे खांब होता. ती त्याच्याकडे पाहत होती, आणि किती वेळापासून पाहत होती देव जाणे. तिचे डोळे भरलेले होते. गाण्याने भरले असतील, त्याने मनाला सांगितलं. गाणं फार चांगलं असेल.

बाहेर आले तेव्हा अजून ऊन होतं. तिने त्याचा दंड धरला आणि ती त्याच्या डावीकडून चालू लागली, वाईट कानाच्या बाजूने, आणि सगळ्या वाटेत एक शब्दही बोलली नाही. ती बोलत नाही हे त्याने तिच्या ओठांकडे चोरून पाहूनच ठरवलं, चार वेळा. "ती म्हातारी बरी गायली," तो एकदा म्हणाला. तिने मान हलवली. "आवाज चांगला होता," तो म्हणाला. खोटं बोलणाऱ्याला थोडक्यात भागवता येत नाही. "वरच्या पट्टीत जरा चिरका." तेव्हा ती थांबली, तिने त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या नव्या मफलरचं टोक आत खोचलं आणि पुन्हा चालू लागली.

खोलीत आधी तो शिरला. टेबलावर सकाळचा तो कप होता, त्याने बाजूला काढलेला, बद्द. कप काठोकाठ भरलेला होता, काळ्या चहाने. वर साय आल्यासारखा पातळ तवंग धरला होता. आणि कपाखाली गुलाबी टीपकागद होता.

हॉटेलात गुलाबी टीपकागद नसतो. हा त्यांच्या कारखान्याचा होता, त्या गड्डीतला, एका कोपऱ्याला कपाटातल्या बाटलीचा गोल डाग असलेला. म्हणजे तो घरून, बॅगेत, कपड्यांच्या घडीत आला होता. म्हणजे सकाळी 'तुम्ही व्हा पुढे' झालं ते यासाठी. त्याला बसावंसं वाटलं पण तो बसला नाही. त्याने कप दांडीला धरून अलगद उचलला, चहा न सांडता, जसं हजारो वेळा इतरांना करताना पाहिलं होतं, आणि कागद बोटाने चाचपला. कोरडा. दांडीच्या मुळाशी कोरडा, बुडाशी कोरडा, सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत, पूर्ण एक पाळी. कप धड होता. कप पहिल्यापासूनच धड होता, सकाळी त्याने टोला दिला तेव्हा तो छान गायला होता, अगदी हवेत विरेपर्यंत, आणि सात नंबरने त्याला फुटका ठरवलं होतं, कारण बायको फुटका म्हणाली. आधी त्याला राग आला. आपली परीक्षा घेतली, शाईची परीक्षा, शिकाऊ पोराची घेतात तशी! मग राग कुठे टेकवावा ते कळेना, कारण कागद कोरडा होता आणि कोरड्या कागदाशी भांडता येत नाही. आणि मग, शरमेच्याही खालून, त्याला एकदम हलकं वाटलं, इतकं हलकं की तो कप परत ठेवून पलंगाच्या कडेवर बसला. कुणाला तरी माहीत होतं. तिला माहीत होतं. घड्याळ, घंटा, चिमण्या, सगळंच माहीत असणार, आणि ती सहा महिने थांबली होती, त्याने सांगावं म्हणून, रांगेतसुद्धा थांबली होती.

बायको खिडकीशी उभी होती, त्याच्याकडे पाठ करून. समोरच्या विटांवरचं ऊन वर सरकलं होतं. तिचे खांदे जरा हलले. ती काहीतरी म्हणाली असावी. हो हा शब्द त्याच्या जिभेवर तयारच होता, सहा महिने तो तिथेच राहायला होता, बोलावण्याचीही वाट न पाहणारा. 'चहा करू का' विचारलं असेल तर हो चाललं असतं. त्याने तोंड उघडलं आणि तो शब्द गिळला. गिळायला जड गेला.

"काय म्हणालीस?" तो म्हणाला. "मला ऐकू नाही आलं."

ती वळली, पलंगाला वळसा घालून आली आणि त्याच्यासमोर, हातभर अंतरावर, खुर्ची ओढून बसली, चेहरा खिडकीच्या उजेडात येईल अशी. तिने शब्द एकेक करून, न ओरडता, नीट ठेवले.

"सोमवारी त्या कागदावर सही करणार आहात?"

त्याच्या डोळ्यांसमोर काठी आली, तिच्या टोकाची सव्वीस वर्षांत गुळगुळीत झालेली गोळी आली, पत्र्याची शेड आली, पेंढा आला. शिक्क्याची डबी आली. सुतळी खोक्यावर दोनदा थोपटते तोही हात आला, डावा.

"नाही," तो म्हणाला.

ते त्याच्या अंदाजापेक्षा बरंच मोठ्याने गेलं असावं, कारण बायको दचकली, तिने शेजारच्या खोलीच्या भिंतीकडे पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं, आणि तसंच बोट ठेवून रडत रडत हसली. मग ती उठली, कपातला गार चहा बेसिनमध्ये ओतून आली, आणि त्याच कपात त्याच्यासाठी नवा चहा करायला लागली.